नाटकाचे फोटो काढण्यासाठी विवो एक्स२०० प्रो कसा आहे? चेहऱ्यावरची रंगभूषा दिसायला हवी

विंगेतून (डोंबिवली), २ जून २०२५

नमस्कार. प्रश्न फोनचाच आहे, पण आधी थोडं घरचं सांगते. त्याशिवाय मला नेमकं काय हवंय ते कळणार नाही.

माझे बाबा रंगभूषाकार. वय ७४. गिरणगावातल्या कामगारांच्या नाटकांपासून सुरुवात केली आणि आजही आमच्या हौशी संस्थेचे चेहरे तेच रंगवतात. हात थोडा थरथरतो, म्हणून एका चेहऱ्याला आता अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास लागतो. इतक्या वर्षांच्या त्यांच्या कामाचा धड एक फोटो आमच्याकडे नाही. जे आहेत ते लांबून, फ्लॅश मारून काढलेले, चेहरे पांढरेफटक.

नव्या नाटकात तिशीतला एक मुलगा सत्तरीचा म्हातारा होतो. बाबा आधी बेस लावतात, गालाच्या खळग्यात तपकिरी सावली भरतात, मग कपाळावर आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत रेघा. प्रत्येक रेघेच्या कडेला फिकट रंग, म्हणजे सुरकुतीला उठाव येतो. शेवटी भुवया आणि कानशिलं पांढरी. गेल्या महिन्यात रंगीत तालमीला मी माझ्या फोनवर फोटो काढले आणि घरी त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि विचारलं, "ह्यात माझं काम कुठाय?" खरंच नव्हतं. फोनने सुरकुत्या पुसून गाल गुळगुळीत केले होते. ब्युटी मोड बंद होता, मी दोनदा तपासलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबा आणखी किती वर्षं हे काम करतील ते माहीत नाही.

तर फोन बदलायचाच आहे. तसाही त्याच्या पडद्यावर एका अपडेटनंतर उभी हिरवी रेघ आली आहे (कंपनीचं नाव लिहीत नाही) आणि वॉरंटी संपली आहे. साठवलेले पैसे आणि बोनस धरून ९५ हजारांपर्यंत जाऊ शकते. माझ्यासाठी ही रक्कम फार मोठी आहे, चुकायला नको आहे.

मनात विवो एक्स२०० प्रो आहे, ९४,९९९ ला. त्याच्या टेलिफोटोबद्दल (लांबचं जवळ आणणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल) बरंच वाचलंय. शाओमी १५ अल्ट्रा १,०९,९९९ ला आहे, तो हाताबाहेर जातो, पण फरक खरोखर तेवढा असेल तर सहा महिने थांबेन. वनप्लस १३ पंचवीस हजारांनी स्वस्त आहे. हाजी अलीजवळच्या एका दुकानात मला एक्स२०० प्रो मिनीही दाखवला. आकार इतका छान, कुर्त्याच्या खिशात मावतो. पण तो भारतात अधिकृतपणे आलेलाच नाही ना?

यूट्यूबवरचे रिव्ह्यू पाहून पाहून दमले. सगळे मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त नाहीतर रात्रीचा सी लिंक दाखवतात. मला हवा आहे तो अंधाऱ्या प्रेक्षागृहातून, दोन स्पॉटच्या उजेडात दिसणारा एक रंगवलेला चेहरा.

कॅमेरा घे असं सांगणार असाल तर: ऑफिस फोर्टला, तालीम दादरला, घर डोंबिवलीला. सकाळी ८.२२ च्या लोकलमध्ये डबा, पर्स आणि वर कॅमेऱ्याची बॅग हे मला जमणार नाही.

ठाणेकर४०

ताई, वनप्लस १३ घ्या आणि वाचलेल्या पंचवीस हजारांत वडिलांना चांगलं रंगभूषेचं सामान घेऊन द्या. माझ्याकडे जानेवारीपासून आहे. ६००० एमएएचची बॅटरी, १०० वॉटचा चार्जर पेटीतच येतो, दीड दिवस सहज जातो. फोटोही उत्तम येतात. एक लाखाच्या आसपासचे फोन म्हणजे पैसे जास्त झालेत.

तिसरी घंटा

वीस वर्षं प्रकाशयोजना करतोय, म्हणून तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो. आम्ही उजेड टाकतो आणि फोन तो पुसून टाकतो, हे दुःख माझंही आहे.

आधी अंतर. तुम्ही साधारण १२ मीटरवर बसलात असं धरा. ८५ मिमीच्या टेलिफोटोने आडव्या चौकटीत जवळजवळ पाच मीटर रुंदीचा रंगमंच येतो. म्हणजे दोन-तीन पात्रं पायापासून डोक्यापर्यंत. चेहरा भरून हवा असेल तर त्यातला तुकडा कापावा लागणार, आणि तो कापल्यावरही रेघ उरायला हवी. इथे सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चकतीचा, आकार कामाला येतो. एक्स२०० प्रोच्या टेलिफोटोचा सेन्सर १/१.४ इंच, छिद्र एफ/२.६७. वनप्लस १३ चा १/१.९५ इंच, ७३ मिमी, एफ/२.६. छिद्र जवळपास सारखंच, पण सेन्सरचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट. तेवढा जास्त उजेड गोळा होतो. ठाणेकरांचा फोन दिवसा झकासच असणार, पण तुमचं काम अंधारातलं आहे. शाओमी १५ अल्ट्रात १०० मिमी, एफ/२.६ आणि सेन्सर त्याच १/१.४ इंचाचा. तो थोडा आणखी जवळ नेतो, इतकंच. नाटकासाठी पंधरा हजार जास्त मोजावेत एवढा फरक मला वाटत नाही. त्याचा एक इंची मुख्य सेन्सर मोठा आहे खरा, पण तुम्ही मुख्य कॅमेऱ्याने काढणारच नाही.

२०० मेगापिक्सेल ह्या आकड्यावर जाऊ नका. अंधारात सोळा बिंदू मिळून एक होतो आणि हाती साधारण साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो येतो. तो पुरेसा आहे.

आता जी गोष्ट कोणी सांगत नाही ती. उजेड कमी झाला की बरेच फोन गुपचूप टेलिफोटो बंद करतात आणि मुख्य कॅमेऱ्याचा मधला तुकडा फुगवून देतात. पडद्यावर झूम ३.७ पट किंवा ३ पट असंच लिहिलेलं असतं. म्हणून फोन हातात आला की अंधाऱ्या खोलीत झूम लावून टेलिफोटोच्या भिंगावर बोट ठेवा. चित्र काळं झालं तर खरी लेन्स चालू आहे. चित्र तसंच दिसत राहिलं तर फसवणूक चालू आहे. प्रो मोडमध्ये, जिथे सगळं हाताने ठरवता येतं, लेन्स आपण निवडतो, तिथे हा प्रश्न येत नाही.

दुसरं, चेहऱ्याची इस्त्री. कमी उजेडात फोटोत दाणे येतात. ते घालवताना फोनला सुरकुती आणि दाणा ह्यांतला फरक नीट कळत नाही, तो दोन्ही पुसतो. शिवाय एकामागोमाग अनेक फोटो घेऊन जोडतो, त्यात नटाने मान हलवली की बारीक रेघ विरघळते. तुमच्या बाबांची रेघ अशीच गेली. उपाय म्हणजे प्रो मोड आणि रॉ फाइल, म्हणजे फोनने न सुधारलेला कच्चा फोटो. दाणे राहू देत. दाण्यांमागे रेघ असते, इस्त्रीमागे काहीच नसतं.

शटर १/१०० सेकंदावर ठेवून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. १/१०० किंवा १/५० वर ते बरोबर जुळतं. डिमरवर मंद केलेल्या जुन्या हॅलोजनचा त्रास कमी, कारण तार तापलेलीच राहते. एलईडी पारचा (रंगमंचावरच्या रंगीत एलईडी दिव्यांचा) मात्र भरवसा नाही. स्वस्त एलईडी मंद केले की फोटोत आडवे पट्टे येतात. प्रत्येक नाट्यगृहात तालमीच्या आधी दोन मिनिटं काढून तपासा.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा तोल, ऑटोवर नको. हॅलोजन असतील तर ३२०० केल्विनला बांधून टाका. ऑटोवर ठेवला तर मी टाकलेला सांजेचा पिवळा उजेड फोन "दुरुस्त" करून ट्यूबलाइटसारखा करतो. आणि मागे काळा पडदा असला की फोनला वाटतं सगळंच अंधारलंय, तो चेहरा जाळून टाकतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, एक पायरी खाली आणा.

पोर्ट्रेट मोड अजिबात नको. टोपाचे केस कापून टाकतो.

लॅमिंग्टनरोड

ताई, मी मोबाइल दुरुस्तीचं काम करतो. कॅमेऱ्यातलं वरच्या दादांनी सांगितलं, मी बाकीचं सांगतो.

मिनी घेऊ नका. एक्स२०० प्रो मिनी फक्त चीनमध्ये विकायला आला. इथे मिळतो तो कोणीतरी आणलेला असतो. त्यात चीनची ओरिजिन ओएस ही प्रणाली, मराठी भाषा मिळणार नाही, भारतात वॉरंटी नाही, पडदा फुटला तर पार्ट महिनाभर येत नाही. माझ्याकडे असे फोन येतात आणि लोकांचे चेहरे बघवत नाहीत. आकार छान आहे हे मान्य. एक्स२०० प्रो ६.७८ इंची आहे आणि वजन २२३ ग्रॅमच्या पुढेच, तो कुर्त्याच्या खिशात ठेवू नका, गर्दीत जाईल. घेतल्यावर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा. चोरीला गेला तर दूरसंचार विभागाच्या संचार साथीवर त्याच नंबराने ब्लॉक करता येतो.

हिरव्या रेघेबद्दल: पडद्याच्या काठाला एक पातळ पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावरून पडद्याला सिग्नल जातात. तिथला सांधा ढिला झाला की उभी रेघ येते. अपडेटने रेघ तयार होत नाही, पण अपडेटच्या वेळी फोन तापतो आणि आधीच कमजोर असलेला सांधा सुटतो असं आम्हाला दिसतं. हे सगळ्याच कंपन्यांच्या अमोलेड पडद्यांत होऊ शकतं. म्हणून ९५ हजारांचा फोन घेताना पडद्याची किंमत आधी बघा. मोठ्या कंपन्या सुट्या भागांचे दर आपल्या संकेतस्थळावर लावतात. तो आकडा बघून मगच विमा घ्यायचा की नाही ते ठरवा.

पावसाळा सुरू झालाय म्हणून एक. पाण्यापासून बचावाचे आयपी६८ आणि आयपी६९ हे दोन्ही दर्जे आहेत, पण ती चाचणी गोड्या पाण्यात, नव्या फोनवर होते. पाणी शिरलं तर वॉरंटीत सहसा बसत नाही. भिजून आलात तर चार्जिंगची पिन लगेच लावू नका, इतकं पाळलंत तर माझ्याकडे यावं लागणार नाही.

अपडेटचं सांगतो. एक्स२०० प्रोला चार वर्षं अँड्रॉइडची आणि पाच वर्षं सुरक्षेची. वनप्लस १३ ला चार आणि सहा. सॅमसंगचा एस२५ सात वर्षं म्हणतो. तुम्ही पाच वर्षं वापरणाऱ्या दिसता, हे धरून चला.

ठाणेकर४०

तिसरी घंटा ह्यांचं पटलं. मी नाटकाच्या अंतरावरून कधी फोटो काढलेला नाही, घाईने लिहिलं. एक शंका: चिनी फोनमध्ये बँकेची, आधारची सगळी माहिती असते. त्याचं काय?

लॅमिंग्टनरोड

२०२० मध्ये सरकारने चिनी ॲपवर बंदी आणली, फोनवर नाही. विवोचे इथे विकले जाणारे फोन ग्रेटर नोएडात जुळवले जातात. फोन पहिल्यांदा सुरू करताना जाहिराती, सुधारणा कार्यक्रम असल्या परवानग्या विचारतात, तिथे सगळ्याला नाही म्हणा. बाहेरून आलेली एपीके (ॲपची फाइल) टाकू नका. माझ्याकडे पैसे गेले म्हणून जे रडत येतात त्यांनी बहुतेक वेळा कुठल्यातरी मेसेजमधली फाइल टाकलेली असते, फोन कुठल्याही देशाचा असो.

विंगेतून, २९ जून २०२५

उशिरा लिहितेय, पण रिकाम्या हाताने नाही.

तिसरी घंटा दादा, तुमचा सल्ला कागदावर उतरवून घेतला आणि तालमीला घेऊन गेले. आमच्यातल्या एका नटाच्या मेव्हण्याकडे एक्स२०० प्रो आहे, त्याने एका संध्याकाळसाठी दिला. आणखी दोन फोन संस्थेतल्या मंडळींकडून घेतले. त्या दोघांची नावं लिहीत नाही. एका तालमीतलं, एका चेहऱ्यावरचं माझं मत कोणत्याही कंपनीवर लादणं बरोबर नाही.

बाबांनी म्हातारा रंगवला, दोन स्पॉट लावले, मी सातव्या रांगेत बसले. आधी बोटाची परीक्षा. एका फोनमध्ये टेलिफोटोवर बोट ठेवलं तरी चित्र जसंच्या तसं. माझा विश्वासच बसेना, तीन वेळा केलं. महिनाभर मी ज्याला झूम समजत होते ते हेच असणार. विवोवर मी प्रो मोडमध्ये ८५ निवडून, १/१०० वर, केल्विन ३२०० ला बांधून काढलं. दाणे आले. आधी मला ते बघवेनात, वाटलं पैसे वाया जाणार. मग लॅपटॉपवर मोठा करून पाहिला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातल्या तीन रेघा तीन वेगळ्या दिसल्या. फिकट कडेसकट.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला निळा एलईडी येतो, तिथे मात्र काहीच साधलं नाही. कोणत्याच फोनवर. सगळा चेहरा एकच निळा गोळा. ते बहुधा डोळ्यांनीच बघायचं असतं. की ह्यावर काही उपाय आहे?

एक गोष्ट रिव्ह्यूंमध्ये कुठेच सापडली नाही म्हणून मुद्दाम लिहिते. अंधारात पडद्याचा उजेड. विवोचा पडदा झगझगीत आहे, उन्हात फारच सुंदर, पण प्रेक्षागृहात मागच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांवर येतो. आमची तालीम होती म्हणून चाललं. प्रयोगात मी फोन काढणार नाहीच, कोणी काढूही नये. पण तालमीतही नटाचं लक्ष जातं. म्हणून उजेड तळाला आणून, वर काळ्या कापडाची टोपी करून बसले. बाबांनीच शिवून दिली, टोपाच्या अस्तराच्या उरलेल्या कापडाची.

फोन घेतला. अधिकृत दुकानातून, बिलासकट, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी साठवणीचा, भारतात तोच एक प्रकार मिळतो. रॉ फाइली जागा खातात, तेव्हा ५१२ चा उपयोग होणार. वजन जाणवतं. लोकलमध्ये एका हाताने वापरता येत नाही, पर्समध्येच राहतो, लॅमिंग्टन रोडच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे. आयएमईआय स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय. पडद्याचा दर पाहिला आणि लगेच विमा घेतला.

तिसरी घंटा

निळ्याचं सांगतो. एलईडीच्या निळ्यात जवळपास फक्त निळाच रंग असतो, त्यामुळे सेन्सरचे लाल आणि हिरवे बिंदू उपाशी राहतात आणि निळे भरून वाहतात. सगळा तपशील एकाच रंगात अडकतो. दोन पायऱ्या खाली काढा आणि नंतर तो फोटो कृष्णधवल करा, थोडं काहीतरी परत मिळेल. खरा उपाय आमच्याकडे आहे. निळ्याबरोबर बाजूने थोडासा कोमट पांढरा द्यायला हवा. तुमच्या प्रकाशयोजनाकाराला माझ्या वतीने विचारून बघा, तालमीपुरता देईल.

आणि बाबा काय म्हणाले ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

विंगेतून

विचारलं. पुढच्या तालमीला देतो म्हणाला.

बाबांना रविवारी सकाळी चहाच्या वेळी फोन हातात दिला. झूम कसं करायचं ते दाखवायला लागलं नाही, दोन बोटांनी त्यांनीच चेहरा मोठा केला. कपाळ बघितलं. मग डोळे. मग बराच वेळ हनुवटी. मी काही विचारलं नाही. चहा गार झाला. शेवटी फोन माझ्याकडे वळवला, नखाने एक जागा दाखवली आणि म्हणाले, "डाव्या गालाची ही रेघ जाड आलीय बघ. हात हलला होता. शनिवारी पातळ काढतो."